साक्षीदार ‘अ’, साक्षीदार ‘ब’

आमच्या घाटनांदुरात पाण्याची टंचाई असते, विजेची असते, वेळेवर येणाऱ्या गाडीची तर बारमाही असते. साक्षीदारांची टंचाई मात्र मी आजवर पाहिलेली नाही. स्टेशनच्या रस्त्यावर कुठल्याही टपरीवर कट चहा सांगा. तो संपायच्या आत खुनापासून शेळीचोरीपर्यंत सगळ्या गुन्ह्यांचा तपास पूर्ण झालेला असतो. कुणी मारलं, कशावरून मारलं, कोयता कुठल्या विहिरीत टाकला, कुणी किती खाल्ले, सगळं बैजवार. मध्येच तुम्ही विचारा, ‘तुम्ही बघितलं का?’ तर सांगणारा तुमच्याकडं दयेनं बघतो. ‘बघायला कशाला लागतंय, सगळं गाव म्हणायलंय की!’

हाच माणूस वर्षा-दोन वर्षांनी समन्स घेऊन अंबाजोगाईच्या कोर्टात पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, ‘मला काही माहीत नाही साहेब, मी त्या दिवशी लातूरला लग्नाला गेलो होतो.’ फितूर साक्षीदारांनी मराठवाड्यात जेवढी लग्नं लावली आहेत, तेवढ्या लग्नतिथी पंचांगात तरी असतील का, शंका आहे.

मी वकिली करतो, तीही आरोपीच्या बाजूची. गावात या धंद्याला मान नाही. ‘चोराचा वकील’ हे बिरुद पोरांच्या सोयरिकीपर्यंत पुरतं. पण आज मला टपरीवरच्या माणसाशी भांडायचं नाही. त्याची वटवट टपरीपुरती आहे तोवर ती कुणाचं घर मोडत नाही. माझं भांडण सरकारशी आहे. सरकारनं तीच वटवट कागदावर उतरवली, खालचं नाव झाकलं, आणि त्या कागदाच्या जोरावर माणसाला जिल्ह्याबाहेर हाकलायची नाही तर वर्षभर आत टाकायची सोय करून ठेवली. कोर्टाच्या पुढच्या दारातून ज्याला कायदा हाकलून देतो, त्याच ऐकीव पुराव्याला शासन मागच्या दारानं आत घेतं, खुर्ची देतं.

आधी पुढचं दार. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ६० होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ५५ म्हणून बसलं आहे. आकडा बदलला, गाभा तोच. पाहण्याची गोष्ट असेल तर ज्यानं पाहिली त्यानं यावं, ऐकण्याची असेल तर ज्यानं ती स्वतःच्या कानानं ऐकली त्यानं यावं. अमक्यानं तमक्याला सांगितलं आणि तमक्यानं मला सांगितलं, हे चालत नाही. याला लोक तांत्रिक अडचण समजतात. ‘वकिलांनी काढलेली पळवाट’ असं तर सुशिक्षित माणसंही मला ऐकवतात.

त्यात तंत्र काही नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारता येतात, एवढंच त्यामागं आहे. अमावस्या होती का? गावातला डीपी त्या आठवड्यात जळालेला होता की नव्हता? तू कुठं उभा होतास, मध्ये ऊस होता की रिकामं रान? तुझं शेत आरोपीच्या शेताला लागून आहे ना? बांध कोरल्यावरून तहसीलला तुझा अर्ज पडलेला आहे ना? या शेवटच्या प्रश्नाला साक्षीदार जो आवंढा गिळतो, तो न्यायाधीशाला दिसावा म्हणून उलटतपासणी असते. कागद आवंढा गिळत नाही. म्हणून तर पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही आणि तो जबाब पुरावा म्हणून वाचायचा नाही, असं कायदा सांगतो. खटल्यात त्याचा उपयोग मुख्यतः एकच. साक्षीदार पिंजऱ्यात वेगळं बोलला, तर ‘तेव्हा तू असं सांगितलं होतंस’ म्हणून त्याला पकडायचं.

ही शहाणीव फुकट आलेली नाही. १६०३ साली इंग्लंडात सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. मुख्य पुरावा म्हणजे लॉर्ड कोभम नावाच्या सहआरोपीचा लेखी कबुलीजबाब. रॅले पुन्हा पुन्हा म्हणत होता, कोभमला माझ्यासमोर आणा, त्यानं माझ्या तोंडावर सांगावं. कोभमला आणलं नाही. उलट डायर नावाचा एक नावाडी आणला. त्याची साक्ष काय, तर लिस्बनमध्ये कुणी एक पोर्तुगीज गृहस्थ त्याला म्हणाला होता की रॅले आणि कोभम राजाचा गळा कापणार आहेत. हे ऐकून मला आमची टपरीच आठवते. फरक इतकाच की आमच्या टपरीवर तो पोर्तुगीज रेणापूरचा असता. रॅलेला मृत्युदंड ठोठावला गेला, तो १६१८ मध्ये अमलात आला. पुढच्या पिढ्यांतल्या वकिलांना त्या खटल्याची लाज वाटली. अमेरिकेनं राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीत साक्षीदाराला समोरासमोर गाठण्याचा हक्कच लिहून टाकला. आपल्या घटनेत असं वेगळं वाक्य नाही. पण पुरावा आरोपीच्या समक्ष नोंदवायचा हा नियम फौजदारी प्रक्रियेत पहिल्यापासून आहे, आणि कलम २१ त्याच्या पाठीशी उभं आहे.

आता मागचं दार.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ५६. लोकांच्या भाषेत तडीपारी. पोलीस ठाण्याचा प्रस्ताव जातो, वरचे पोलीस अधिकारी चौकशी करतात, आणि आमच्यासारख्या ग्रामीण भागात एसडीएम साहेब आदेश काढतात. दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर, बहुतेकदा शेजारचे जिल्हेही जोडून. घाटनांदूरच्या माणसाला बीडबरोबर लातूर, परभणी आणि धाराशिव बंद केले की त्यानं जायचं कुठं? रान इथं, बायकापोरं इथं, त्याच्यावरचे मूळ खटलेही इथंच. परवानगीशिवाय परत आला तर तो वेगळा गुन्हा. आणि या आदेशाचा पाया काय? ‘भीतीपोटी साक्षीदार उघडपणे साक्ष द्यायला पुढं येत नाहीत’ असं अधिकाऱ्याचं मत. त्या मताला आधार म्हणून गोपनीय जबाब जोडलेले असतात. एक साक्षीदार ‘अ’चा, एक साक्षीदार ‘ब’चा. कधीमधी ‘क’ही भेटतो, पण पोलिसांचा बाराखडीचा उत्साह सहसा ‘ब’वर संपतो.

असे जबाब वाचून वाचून मला ते पाठ झाले आहेत. अमुक महिन्यात एके दिवशी सायंकाळी, तारीख आठवत नाही, मी बाजारातून पायी जात असता सदर इसमानं मला अडवलं. शिवीगाळ केली. चाकूचा धाक दाखवून खिशातले पैसे काढून घेतले. लोक सैरावैरा पळाले, दुकानदारांनी शटर खाली ओढले. सदर इसमाच्या दहशतीमुळं मी तक्रार दिली नाही. नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर हा जबाब देत आहे. ‘ब’चा जबाबही हाच, फक्त सायंकाळच्या जागी सकाळ. एवढ्या दुकानांची शटरं पडली तर एकाही दुकानदाराच्या कॅमेऱ्यात ते का आलं नाही, हे विचारायचं कुणाला? ‘अ’ला विचारता येत नाही, तो अक्षर आहे. तारीखच नाही, तर ‘मी त्या दिवशी दवाखान्यात होतो’ असं आरोपीनं सिद्ध करायचं तरी कसं? नोटीस देताना आरोपांचं ‘सर्वसाधारण स्वरूप’ कळवलं की कलम ५९ चं समाधान होतं. सर्वसाधारण आरोपाला उत्तर सर्वसाधारणच देता येतं. मी नाही त्यातला. बस्स.

आणि यातला खरा विनोद पुढंच आहे. त्याच प्रस्तावात त्या माणसावरच्या गुन्ह्यांचा तक्ता असतो. त्यातल्या एकेका गुन्ह्यात फिर्यादी नावानिशी उभा असतो, साक्षीदार नावानिशी असतात, काहींनी कोर्टात येऊन साक्षही दिलेली असते, आणि काही खटल्यांत माणूस निर्दोष सुटलेला असतो. म्हणजे नाव-गाव-पत्त्यासह लोक त्याच्याविरुद्ध बोलत आहेत, हे पान तीनवर. आणि त्याच्याविरुद्ध बोलायची कुणाची हिंमत नाही, हे पान पाचवर. सही एकाच अधिकाऱ्याची.

या दाराला कुलूप घालायची संधी १९५२ मध्येच आली होती. गुरबचन सिंग विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात सुप्रीम कोर्टापुढं हाच प्रश्न होता. त्या वेळच्या मुंबईच्या पोलीस कायद्यात तडीपाराला साक्षीदारांच्या उलटतपासणीचा हक्क नव्हता. कोर्ट म्हणालं, हा कायदाच अपवादात्मक परिस्थितीसाठी आहे. साक्षीदार भयानं बोलत नाहीत म्हणून तो आणला, तिथं उलटतपासणी द्या म्हटलं तर हेतूच बुडेल. तर्क म्हणून मला तो कळतो. पण त्यातला ‘अपवादात्मक’ हा शब्द सत्तर वर्षांत कुठं वाहून गेला? निवडणुकीची आचारसंहिता लागली की तडीपारीच्या याद्या निघतात. गणपती आले की निघतात. ठाण्याचं काम वर्षाअखेरीस मोजताना किती तडीपार केले, हा रकाना असतो. रकाना आला की अपवाद संपला.

वरच्या कोर्टाला हे दिसत नाही असं नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केलेल्या दीपक डोंगरे यांच्या प्रकरणात २८ जानेवारी २०२२ रोजी सुप्रीम कोर्टानं आदेश रद्द केला. न्या. अभय ओक यांनी निकालात सुनावलं की देशात मोकळेपणानं फिरण्याच्या मूलभूत हक्कावर हा घाला आहे, तो क्वचित वापरायचा असतो, आणि कमाल मुदत ठोकायची तर कारण लिहावं लागतं. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये अमरावतीच्या रहमत खान यांची तडीपारी रद्द झाली. हे गृहस्थ माहिती अधिकारात अर्ज करून सरकारी पैशाचा हिशेब मागत होते. हिशेब मागणाऱ्या माणसाची दहशत कुणाला वाटते, हे बीड जिल्ह्यात सांगायला नको.

निकाल चांगलेच आहेत. पण ते दिल्लीत लागतात. ज्याच्या घरी सोयाबीनचे पैसे आले की पहिले सावकाराकडं जातात, तो आधी शासनाकडं अपील करणार, मग औरंगाबाद खंडपीठात, मग दिल्लीत. तिथं पोहोचेपर्यंत दोन वर्षांची मुदत आपोआप संपते. न्याय मिळतो तो आदेशाच्या मयतीला.

तडीपारीचा थोरला भाऊ म्हणजे एमपीडीए. माणसाला खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा १९८१ चा कायदा. सुरुवातीला झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थवाले. मग धोकादायक व्यक्ती, मग व्हिडिओ पायरेट, मग २०१५ पासून वाळू तस्कर. यादी वाढत जाते, कारण यात खटलाच चालवायचा नसतो. जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढायचा, माणूस बारा महिन्यांपर्यंत आत. सल्लागार मंडळापुढं वकील नेण्याचा हक्क घटनेनंच काढून घेतला आहे. पाया पुन्हा तोच, ‘अ’ आणि ‘ब’. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं मराठवाड्यातल्याच एका हातभट्टीवाल्याची स्थानबद्धता रद्द केली. अर्जुन गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्या दोन निनावी जबाबांना कोर्टानं साचेबद्ध म्हटलं. मी दुसरा शब्द वापरला असता, पण तो न्यायमूर्तींना शोभला नसता.

इथं कुणीतरी हटकून म्हणणार, ‘वकीलसाहेब, साक्षीदाराला समोर आणणं शक्य नसतं हो.’ शक्य नसतं? मुंबईच्या डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्यावरच्या खटल्यात एक महत्त्वाचा साक्षीदार अमेरिकेतला कर्करोगतज्ज्ञ होता, डॉ. ग्रीनबर्ग. साक्ष देईन, पण भारतात येणार नाही, असं त्याचं म्हणणं. १ एप्रिल २००३ रोजी सुप्रीम कोर्टानं ठरवलं की ‘समक्ष’ म्हणजे एकाच खोलीत शरीरानं हजर, असं नव्हे. व्हिडिओ कॉन्फरन्सनं साक्ष घ्या, आरोपीचा वकील पडद्यावर बघून उलटतपासणी घेईल. आता तर नवीन फौजदारी संहितेनं दृक्‌श्राव्य साक्षीला जागोजागी जागा दिली आहे. म्हणजे न्यूयॉर्कचा डॉक्टर मुंबईच्या कोर्टात प्रश्नांना उत्तरं देऊ शकतो. घाटनांदूरहून अंबाजोगाईला साक्षीदार आणणं मात्र महाराष्ट्र शासनाला झेपत नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. मेलेल्या माणसाचं काय? त्याचं म्हणणं ऐकीव म्हणून फेकून देणार का? नाही. कायदा तिथं वाट सोडतो, आणि त्या वाटेवरचा सगळ्यात गाजलेला मैलाचा दगड आमच्या जिल्ह्याशी जोडलेला आहे, हे इथल्या तरुण वकिलांनाही माहीत नसतं. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मुलगी बीडची. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न होऊन पुण्याला गेली, जूनमध्ये सायनाइडनं गेली. बहिणीला आणि मैत्रिणीला तिनं लिहिलेली पत्रं, आणि माहेरी येऊन तिनं जे सांगितलं ते, हा मोठा पुरावा होता. लिहिणारी पिंजऱ्यात येणं शक्यच नव्हतं. खालच्या कोर्टानं नवऱ्याला फाशीची शिक्षा सुनावली, हायकोर्टानं ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं.

तो निकाल मी गावात सांगितला की लोक चिडतात, आणि पोरीच्या बापाच्या जागी उभं राहून पाहिलं तर मीही चिडेन. पण त्यातली मेहनत बघा. ती पत्रं उघडी होती. तारखा होत्या, अक्षर कुणाचं याचा वाद नव्हता. एकेका ओळीवर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले. त्यातून खून दिसतो की उदास मनाची आत्महत्या, हे न्यायमूर्तींनी उलटसुलट तपासलं. न्या. फजल अली यांनी परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं तिथंच मांडली, आणि ‘असू शकेल’ व ‘असलंच पाहिजे’ यांतलं अंतर पुन्हा ठणकावलं. मेलेल्या मुलीच्या शब्दांची इतकी छाननी होते. ‘अ’ तर जिवंत आहे म्हणे, रोज बाजारात फिरतो म्हणे, आणि त्याच्या शब्दाची छाननी कुणी करायची, तर ज्यानं तो लिहून घेतला त्याच्याच वरच्या साहेबानं.

आता भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. इथं राहतो, आंधळा नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यानंतर या जिल्ह्यात तोंड उघडण्याची किंमत काय, हे महाराष्ट्राला कळलं. दिवसभर वाहिन्यांवर ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ खटला चालला. सूत्रांना शपथ नसते, बांध नसतो, समन्स नसतं. त्या प्रकरणाला मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, लागला. मकोकाच्या कलम १८ नुसार एसपी दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरतो, आणि तो त्याच खटल्यातल्या सहआरोपीविरुद्धही वापरता येतो. सहआरोपीला पिंजऱ्यात यायची सक्ती नाही, म्हणजे त्याला प्रश्न विचारायची सोय नाही. रॅलेचा कोभम चारशे वर्षांनी महाराष्ट्रात सरकारी नोकरीला लागला तो असा. मला वाटतं, ज्यांना देशमुखांच्या मारेकऱ्यांना शिक्षा झालेली बघायची आहे, त्यांनीच आग्रह धरावा की ती डोळ्यांदेखत पाहिलेल्या, शपथेवर उभ्या राहिलेल्या, उलटतपासणीत न ढळलेल्या साक्षीदारांवर व्हावी. ऐकीव आणि उसन्या जबाबांवर उभी राहिलेली शिक्षा वरच्या कोर्टात पहिल्या पावसात वाहून जाते.

त्यासाठी साक्षीदार जपावा लागतो. त्याचा कायदाही आहे. महाराष्ट्राचा साक्षीदार संरक्षण कायदा २०१७ चा. ५ डिसेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टानं केंद्राची साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. नव्या संहितेत कलम ३९८ आहे, प्रत्येक राज्यानं योजना करावी म्हणून. कागद भरपूर. प्रत्यक्षात साक्षीदार म्हणजे कोण? रोजगार बुडवून एसटीनं येणारा, आरोपीच्या भावकीशेजारीच बाकड्यावर बसणारा, संध्याकाळी चार वाजता ‘साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख’ ऐकून परत जाणारा माणूस. भत्त्यासाठी अर्ज करावा लागतो हे त्याला कुणी सांगत नाही. अशा माणसाला वेगळी बसायची खोली, येण्याजाण्याला पोलीस, तारखेला साक्ष होईलच ही खात्री, आणि घरावर दोन महिने नजर, एवढं दिलं तर तो लातूरच्या लग्नाला जायचा नाही. हे सगळं पैशाचं आणि मेहनतीचं काम आहे. त्यापेक्षा त्याचं नाव काढून तिथं ‘अ’ लिहिणं स्वस्त. एक अक्षर, शाई तरी किती लागणार!

आमच्या गावाला या स्वस्ताईचं कौतुक आहे. कुणी तडीपार झाला की व्यापारी मला थांबवून म्हणतात, ‘बरं झालं वकीलसाहेब, गेला एकदाचा, आता तुम्ही मध्ये पडू नका.’ मी त्यांना एकच विचारतो. या माणसानं तुम्हाला छळलं, हप्ता मागितला? मग चला, फिर्याद द्या, मी आरोपीच्या बाजूनं उभा न राहता तुमच्याबरोबर ठाण्यात येतो. तेव्हा त्यांना एकदम दुकान आठवतं. गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. कुणाकुणाला त्या आठवड्यात लग्नंही निघतात.